नव्या पंचासाठी नहेम्या: भिंतीच्या आधीचं काम आणि नंतरचंही

तुमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेत तुमचं नाव पुढे आलं, हात वर झाले, आणि घरी येताना तुमच्या पिशवीत इतिवृत्ताची वही, दोन चेकबुकं आणि कुठल्या कुलपाच्या हे कोणालाच माहीत नसलेल्या चाव्यांचा जुडगा आला. गेल्या रविवारपर्यंत तुम्ही बाकावर बसून उपासना करत होता, आता पंच झालात. किंवा सचिव, किंवा तरुण संघाचे अध्यक्ष, किंवा महिला मंडळाच्या प्रमुख. पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे.

मी सचिव झालो तेव्हा पहिल्याच सभेत उपासना मंदिराच्या छपराचा प्रस्ताव मांडला. जुनी मंगलोरी कौलं उतरवायची आणि पत्रे टाकायचे. मी कोणाला विचारलं नव्हतं, वर चढून पाहिलं नव्हतं. तासाभरात सभेचे दोन तट पडले. पुढच्या रविवारी दोन कुटुंबं उपासनेला आलीच नाहीत. त्याच आठवड्यात आमचे निवृत्त पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला, छपराबद्दल चकार शब्द काढला नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "नहेम्या वाच. पण सहाव्या अध्यायाला थांबू नकोस."

नहेम्या हे बायबलमधलं पुस्तक, यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधणाऱ्या माणसाचं. भिंत सहाव्या अध्यायात पुरी होते. पुस्तक तेरा अध्यायांचं आहे. प्रवचनात आपण भिंतीपर्यंतच ऐकतो: धाडसी माणूस, मोठं काम, बावन्न दिवस, आमेन. नव्या पंचाची फसगत होते ती भिंतीच्या आधी नहेम्यानं जे केलं ते न केल्यामुळे आणि नंतर जे केलं ते न वाचल्यामुळे. माझी तशीच झाली.

आधी हे जमवा

- पवित्र शास्त्राची दोन वेगवेगळी भाषांतरं. एकात अडलेलं दुसऱ्यात कळतं.
- दोनशे पानी रजिस्टर. सुटे कागद नकोत, मोबाईलमधल्या नोंदीही नकोत.
- मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं आणि ऑडिट रिपोर्ट.
- सभासदांची यादी. वॉर्डाप्रमाणे असेल तर उत्तम.
- संस्था विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल तर पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा, उतारा. त्यावर विश्वस्त म्हणून आज कोणाची नावं आहेत ते पाहा. आमच्या उताऱ्यावर दोन नावं प्रभूकडे गेलेल्या माणसांची होती.
- जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि बँकेत सह्या कोणाच्या चालतात त्याचं पत्र.
- एक चांगली टॉर्च. ती कशाला, ते तिसऱ्या पायरीत येईल.

## १. अख्खं पुस्तक एका बैठकीत वाचा

तास-सव्वा तास लागतो. मोठ्यानं वाचा, शक्यतो घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन. तिसऱ्या अध्यायातली नावांची यादी आणि सातव्यातली घराण्यांची मोजणी गाळू नका. पुढे उपयोगी पडणारं बरंच काही त्या याद्यांतच दडलं आहे.

वाचताना एक भान ठेवा. नहेम्या पर्शियाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक, होता आणि यहूदा प्रांताचा सुभेदार म्हणून आला. त्याच्याबरोबर सरदार आणि घोडेस्वार होते. तुम्हाला मंडळीनं निवडून दिलं आहे. त्याचा हुकूम चालायचा, तुमचा चालत नाही, चालूही नये. म्हणून त्याच्या रीतीतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे प्रत्येक पायरीला ठरवावं लागतं. शेवटच्या अध्यायात तर काही गोष्टी ठरवून सोडाव्या लागतात.

## २. पहिले चार महिने प्रस्ताव मांडू नका

नहेम्याचा भाऊ हनानी यहूदाहून आला, भिंत पडली आहे आणि वेशी जळाल्या आहेत म्हणाला, तो यहुदी पंचांगातला किस्लेव महिना. नहेम्या राजासमोर तोंड उघडतो तो निसान महिन्यात. मध्ये जवळजवळ चार महिने जातात. त्या चार महिन्यांत तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो आणि आपल्या चाकरीवर जात राहतो. ही गोष्ट इसवी सन पूर्व ४४६ च्या हिवाळ्यापासून ४४५ च्या वसंतापर्यंतची. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी पडलेल्या शहराची अवस्था त्याला कळली होती, तरी त्यानं चार महिने घेतले.

त्यानं भावाला आधी काय विचारलं तेही पाहा. आधी माणसांची चौकशी केली, मग शहराची. तुम्हीही या चार महिन्यांत घरोघरी जा. आमच्या मंडळीत पंचांनी घरी यायचं म्हणजे वर्गणी किंवा लग्नाचा दाखला, एवढंच राहिलं होतं. मी नुसता बसायला आलोय म्हटल्यावर एका मावशींनी दहा मिनिटं विश्वासच ठेवला नाही, तीनदा विचारलं, "काय काम काढलंस रे बाबा?" नंतर त्यांनीच सांगितलं की गुडघ्यांमुळे मंदिराच्या पाच पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्या दीड वर्षं प्रभुभोजनाला आल्या नाहीत. तोवर कमिटीच्या वहीत त्यांच्या नावापुढे "अनियमित" असा शेरा होता.

भेटीत दोनच प्रश्न विचारा: घरी कसं चाललंय, आणि मंडळीत तुम्हाला काय खुपतं? उत्तर घरी येऊन रजिस्टरात लिहा, त्यांच्यासमोर लिहू नका.

इथे पाय घसरतो: "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" म्हणत ऐकलेल्या गोष्टी दुसऱ्या घरी सांगणं. घरोघरी भरणाऱ्या कॉटेज प्रार्थनेत नावानिशी विनंत्या मांडल्या की त्या मिनिटभरात गावभर होतात. नहेम्याच्या पहिल्या अध्यायातल्या प्रार्थनेत दुसऱ्या कोणाचंही पाप नावानं येत नाही. येतं ते "मी आणि माझ्या बापाचं घराणं".

## ३. रात्रीची फेरी मारा

यरुशलेमला पोचल्यावर नहेम्या तीन दिवस गप्प बसला. मग रात्री उठला, थोडी माणसं घेतली, स्वतः बसला होता तेवढंच एक जनावर. कोणालाही न सांगता पडलेली भिंत पाहत गेला. एका ठिकाणी, झऱ्याच्या वेशीपुढे राजाच्या तळ्याशी, जनावराला पुढे जायला वाट उरली नव्हती इतका ढिगारा होता. या फेरीनंतर तो लोकांना "चला, बांधू या" म्हणाला. त्या म्हणण्यात वजन आलं ते ढिगारा त्यानं स्वतः पाहिला होता म्हणून.

पाळकसाहेबांच्या सांगण्यानंतर मी छपराचा विषय बंद केला होता. ऑगस्टमधल्या एका शनिवारी रात्री पाऊस कोसळत असताना मंडळीतले सुतारकाका आणि मी टॉर्च आणि शिडी घेऊन माळ्यावर गेलो. पाऊस चालू असतानाच जायचं, हा हट्ट काकांचा. कोरड्या दिवशी छप्पर खोटं बोलतं म्हणाले. मोठं पाखं आणि व्हरांड्याचं पाखं जिथे मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ आहे. काकांनी बाहेर हात घालून तिच्यातून पिंपळाच्या पानांचा काळा, कुजका गोळा काढला. पन्हळ तुंबलेली होती. पाणी मागे चढून कौलांखाली शिरत होतं आणि वाशावरून ओघळत खाली वेदीवर पडत होतं. काकांनी मला एका वाशावर अंगठा दाबायला लावला. अंगठा नखापर्यंत आत गेला. त्यांनी वरचं एक कौल काढून बोटानं वाजवलं तर खणखणीत वाजलं.

आमची कमिटी कौलं की पत्रे यावर भांडली होती. दोष कौलांचा नव्हताच. तीन वासे, काही रीपा आणि एक पन्हळ बदलली, शाकारणी करून घेतली, छप्पर गळायचं थांबलं. खर्च माझ्या पहिल्या अंदाजाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी आला.

कागदांचीही अशीच फेरी मारा, एकट्यानं किंवा एका भरवशाच्या माणसाला घेऊन. बँकेच्या पासबुकातली शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळते का? विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, तो दिला गेला आहे का? महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हे बंधनकारक आहे. जागेचा एखादा तुकडा कोणाला तोंडी भाड्यानं दिला आहे का? विक्री असो, शेतजमिनीचा दहा वर्षांहून किंवा इमारतीचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असो, धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. जुन्या मिशनच्या जागांवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या भांडणांचं मूळ पुष्कळदा अशा एखाद्या तोंडी शब्दात असतं.

इथे पाय घसरतो: फेरीत सापडलेली चूक लगेच सभेत "यांनी हे केलं" म्हणून मांडणं. नहेम्या रात्रीच्या फेरीचा अहवाल देताना भिंत कोणाच्या काळात पडली याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

## ४. मागायचं ते मोजून मागा

राजानं "तुला काय हवं?" विचारलं तेव्हा नहेम्या घाबरला होता, तसं तो स्वतःच लिहितो. त्यानं मनात प्रार्थना केली आणि नेमकं मागितलं. किती दिवसांत परत येईन ती मुदत सांगितली. फरात नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं मागितली. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्यासाठी वेगळं पत्र मागितलं आणि लाकूड कुठे कुठे लागेल ते तिन्ही ठिकाणांसह सांगितलं. ही तयारी त्या चार महिन्यांतली.

तुम्हीही असंच करा. कामाचं एका पानाचं टिपण, तीन ठिकाणची लेखी कोटेशनं, सुरुवातीची आणि शेवटाची तारीख. वरच्या मंडळाची परवानगी लागत असेल तर अर्जाची पोच घ्या. विश्वस्त व्यवस्थेच्या नावावर कर्ज काढायचा विचार असेल तर त्यालाही आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, हे बऱ्याच पंचांना कर्ज काढून झाल्यावर कळतं.

परदेशातल्या नातलगांकडून देणगी घेताना सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा भाचा दुबईहून बँकेमार्फत पाठवतो तो पैसा विदेशी देणगी धरला जात नाही. तोच भाचा उद्या कॅनडाचा नागरिक झाला की त्याचा पैसा विदेशी देणगी होतो. मग २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते आणि तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो. "आधी घेऊ, मग बघू" हे इथे अजिबात चालत नाही.

## ५. ज्याच्या घरासमोरचं काम, त्याच्या हाती द्या

तिसरा अध्याय पहिल्यांदा वाचताना कंटाळा येतो, मलाही आला. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा. मुख्य याजक एल्याशीब पहिल्यांदा हात लावतो, मेंढरांच्या वेशीला. सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत, व्यापारी आहेत. यातला गवंडी कोणीच नाही. कित्येकांना आपापल्या घरासमोरचाच तुकडा मिळाला आहे. स्वतःच्या दारासमोरची भिंत कोण कच्ची बांधेल? उकिरड्याची वेस रेखाबाचा मुलगा मल्कीया बांधतो. तो एका भागाचा अधिकारी होता, आणि त्याच्या वाट्याला शहराचा कचरा बाहेर जायची वेस आली. तेही नावानिशी लिहिलं आहे.

शल्लूम नावाचा दुसरा एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन बांधतो. हे वाक्य मी कमिटीत वाचून दाखवलं, कारण बांधकामाच्या उपसमितीत एकही बाई नव्हती. आपल्याकडे हे नवीन नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तयार झालं, तिथे खिळे जुळवण्याचं काम बायका करायच्या.

मग तकोवाची माणसं. आमोस संदेष्ट्याचं गाव ते. तिथल्या मोठ्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही, असं पाचव्या वचनात म्हटलं आहे. नहेम्या त्यांच्या मागे लागत नाही, रागावतही नाही, नोंद करून पुढे जातो. पुढे सत्ताविसाव्या वचनात तकोवाचे साधे लोक पुन्हा दिसतात, भिंतीचा आणखी एक तुकडा बांधताना. म्हणजे मोठ्यांनी टाकलं त्याहून जास्त लहानांनी उचललं. तुमच्या मंडळीतही हे होईल. जे येत नाहीत त्यांची मनधरणी करण्यात महिने घालवू नका. जे दुसऱ्यांदा आले त्यांचं नाव मात्र रजिस्टरात लिहा आणि वार्षिक सभेत मोठ्यानं वाचा. सुगीच्या सणाला पन्नास पोती कोणी दिली हे आपण वाचतो, भांडी कोणी घासली हे वाचत नाही.

## ६. विरोध ओळखा, पण प्रत्येकाला सनबल्लट म्हणू नका

भिंतीच्या कामाला विरोध करणारे सनबल्लट, तोबीया आणि गेशेम हे नुसते चेष्टेखोर नव्हते. इजिप्तमधल्या एलिफंटाईन बेटावर सापडलेल्या इसवी सन पूर्व ४०७ च्या एका अरामी पत्रात सनबल्लट शेजारच्या शोमरोनचा (समरियाचा) सुभेदार असल्याचं दिसतं. यरुशलेम उभं राहिलं की याच्या अधिकाराला धक्का बसणार होता. विरोध कुठून येतो हे कळलं की निम्मी भीती जाते.

त्यांच्या चाली एकामागून एक वाचा. आधी थट्टा: कोल्हा चढला तरी ही भिंत ढासळेल. नहेम्या प्रार्थना करतो आणि भिंत निम्म्या उंचीला नेतो. मग हल्ल्याची धमकी. तो निम्म्यांना भाले देतो, निम्म्यांना काम, आणि इशाऱ्याचं शिंग फुंकणारा स्वतःजवळ ठेवतो. मग चार वेळा ओनोच्या मैदानात भेटीचं निमंत्रण. चारही वेळा तेच उत्तर: मोठं काम चाललंय, खाली येता येत नाही. पाचव्यांदा उघडं पत्र आलं, म्हणजे वाटेतला कोणीही वाचू शकेल असं, आणि त्यात आरोप की तू राजा व्हायला निघाला आहेस.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला आलेला मेसेज म्हणजे हेच उघडं पत्र. नहेम्याचं उत्तर एका वाक्याचं आहे: असं काही नाही, हे तुझ्या मनचं आहे. मी एकदा ग्रुपवर रात्री एक वाजेपर्यंत उत्तरं देत बसलो होतो. सकाळी सत्तर मेसेज होते आणि मुद्दा कोणालाच आठवत नव्हता. आता नियम केला आहे: ग्रुपवर एकच वाक्य, "हिशोब रविवारी उपासनेनंतर टेबलावर आहे, येऊन पाहावा."

शेवटची चाल देवाच्या नावानं येते. शमाया नावाचा एक जण म्हणतो, तुला मारायला येत आहेत, मंदिरात लपू या. "प्रभूनं मला दाखवलं" म्हणून कोणी तुम्हाला घाबरवून दार लावून घ्यायला सांगत असेल तर थांबा, पाळकांशी बोला, वचनाशी ताडून पाहा.

आता जे सांगतो ते या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. हे अध्याय हाती आल्यावर पुढाऱ्याला प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस सनबल्लट वाटू लागतो. मी असं होताना पाहिलं आहे आणि मनातल्या मनात केलंही आहे. पण चौथ्या अध्यायात ओझी वाहणाऱ्यांची ताकद संपत आली आणि ढिगारा फार आहे असं म्हणणारे यहूदाचेच लोक आहेत. पाचव्यात तर काम ऐन भरात असताना गरिबांचा आक्रोश उठतो, आणि नहेम्या भिंत बाजूला ठेवून तो ऐकतो. बाहेरच्यांना "खाली येता येत नाही" म्हणणारा माणूस घरच्यांसाठी लगेच खाली येतो. तक्रार करणारा बांधायला आला आहे का, एवढं आधी पाहा. आला असेल तर तो सनबल्लट नाही. त्याची तक्रार रजिस्टरात लिहा आणि पंधरा दिवसांत उत्तर द्या, नकार असला तरी.

आणि वाईट बातमी आणणारा माणूस जपा. हनानीनं सुरुवातीला रडवणारी बातमी आणली होती. सातव्या अध्यायात नहेम्या यरुशलेमचा कारभार त्याच हनानीकडे आणि देवभीरू हनन्याकडे सोपवतो.

## ७. पैशाचा अध्याय दोनदा वाचा

पाचवा अध्याय सभेत फारसा वाचला जात नाही. दुष्काळ आहे. लोक शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकून धान्य घेतात. राजाचा कर भरायला कर्ज काढतात. पोटची मुलं गुलामीत जातात. सावकार मात्र परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्याला भयंकर राग येतो, पण तो तडक ओरडत सुटत नाही. आधी मनाशी विचार करतो, मग मोठ्या लोकांना भरसभेत जाब विचारतो. आणि त्याच सभेत सांगतो की आपण, आपले भाऊ, आपली माणसंही पैसे आणि धान्य उसनं देत आलो आहोत, हे व्याज आता सोडू या. बोट दाखवताना तो स्वतःला बाहेर ठेवत नाही. शेतं, घरं आणि शेकड्यामागचं घेतलेलं व्याज परत करायचं ठरतं.

त्यापुढे तो स्वतःचा हिशोब देतो. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल चांदी घेत. यानं बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. रोज दीडशे माणसं पंगतीला, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं, तरी नाही. लोकांवर आधीच भार जड होता, हे कारण तो देतो.

आमच्याकडे पूर्वी दानार्पणाची थैली उपासनेनंतर खजिनदारांच्या घरी जायची आणि सोमवारी बँकेत. एकदा त्यांची आई अचानक दवाखान्यात गेली, थैलीतले पैसे वापरले गेले, दहा दिवसांत त्यांनी पै न् पै भरली. माणूस सच्चा होता. पण गोष्ट बाहेर आली, कुजबुज झाली, आणि त्यांनी मंडळीच सोडली. मला अजून वाईट वाटतं, कारण तो दोष त्यांच्यापेक्षा आमच्या पद्धतीचा होता. एका माणसाला एकट्यानं पैशासोबत घरी पाठवणं हा त्याच्यावरच अन्याय आहे.

तेराव्या अध्यायात नहेम्या भांडारावर चार माणसं नेमतो: शलेम्या याजक, सादोक लेखक, पदाया लेवी (लेवी म्हणजे मंदिराची सेवा करणारे) आणि हाताखाली हानान. विश्वासू म्हणून नाव असलेली माणसं, तरी चार. त्यावरून आम्ही बसवलेली पद्धत अशी:

- उपासना संपताच तिथेच टेबलावर, दार उघडं ठेवून मोजणी. मोजणारे तिघे, एका घरातले दोन नकोत.
- रकमेच्या चिठ्ठीवर तिघांच्या सह्या. चिठ्ठीची एक प्रत लगेच फलकावर.
- पैसे त्या आठवड्यात जसेच्या तसे बँकेत. रोख खर्च थैलीतून कधीच नाही.
- खातं संस्थेच्या नावावर, चेकवर दोन सह्या. खजिनदाराच्या वैयक्तिक मोबाईलवरचा क्यूआर कोड अर्पणासाठी लावू नका, कितीही सोयीचा असला तरी.
- पंचांचा प्रवासखर्च आणि चहापाणीही फलकावर.

पहिल्या रविवारी एक काका म्हणाले, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?" मी तेराव्या अध्यायातलं तेरावं वचन काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मोजायला बसले.

कर्जात बुडालेली घरं तुमच्या मंडळीतही असतील. बचत गटाचा हप्ता चुकला म्हणून रविवारी तोंड चुकवणारी बाई तुम्हाला घरभेटीतच कळेल. मंडळीतल्या मंडळीत व्याजानं पैसे देणारं कोणी असेल तर पंच म्हणून त्याच्याशी बोलणं तुमचं काम आहे, आणि तुम्ही स्वतः देत असाल तर आधी स्वतःचं थांबवा.

## ८. एज्राला व्यासपीठ द्या

भिंत एलूलच्या, म्हणजे सहाव्या महिन्याच्या, पंचविसाव्या दिवशी पुरी झाली. आठव्या अध्यायात, सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, लोक पाणवेशीपुढच्या चौकात जमतात. लाकडी मंचावर उभा राहतो नियमशास्त्राचा शास्त्री एज्रा, आणि पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. लेवी लोकांत फिरून अर्थ सांगतात. भिंत बांधणारा नहेम्या गर्दीत आहे. लोक रडू लागतात तेव्हा तोही इतरांबरोबर सांगतो की जा, खा, प्या आणि ज्यांच्याकडे काही शिजलं नाही त्यांना वाढून पाठवा.

छप्पर दुरुस्त झालं म्हणून उपकारस्तुतीच्या दिवशी तुम्ही भाषण करू नका. माईक पाळकांना द्या. तुम्ही वाढपात राहा, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचे डबे भरा.

## ९. परत येऊन पाहा

बारा वर्षांनी नहेम्या राजाकडे परत गेला. काही काळानं यरुशलेमला आला तर मंदिराच्या आवारातली धान्याची, धूपाची, दशमांशाची मोठी खोली एल्याशीब याजकानं तोबीयाला राहायला दिलेली. हाच तो कोल्ह्याची थट्टा करणारा तोबीया. लेव्यांना त्यांचा वाटा मिळत नव्हता, म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले होते. शब्बाथाला सोर शहराचे व्यापारी वेशीच्या आत मासळी विकत होते. भिंत मात्र उभीच होती.

नहेम्यानं तोबीयाचं सामान बाहेर फेकलं, खोली शुद्ध करवली, भांडारावर ती चार माणसं नेमली. इथपर्यंत त्याच्या मागे जा. पुढे तो परजातीय बायका केलेल्यांना शाप देतो, काहींना मारतो, केस उपटतो. तिथे थांबा. तो सुभेदार होता आणि तो काळ वेगळा होता. आपल्या हाती त्याच पवित्र शास्त्रात मवाबी, म्हणजे परजातीय, रूथची गोष्ट आहे, आणि शिष्यांचे पाय धुणारा प्रभू आहे. मंडळीत मिश्र विवाह झालेल्या मुलामुलींना या अध्यायाच्या आधारानं भरसभेत घालूनपाडून बोललेलं मी ऐकलं आहे. त्यातली एक मुलगी अजून परतलेली नाही.

परत येऊन पाहायची तारीख आजच रजिस्टरात घाला. आम्ही वर्षातून दोन ठेवल्या आहेत. सप्टेंबर अखेरीआधी ऑडिट आणि बदल अर्ज, मे अखेरीआधी इमारत आणि खोल्या. पहिल्याच मे महिन्यात शब्बाथ शाळेच्या खोलीत एका पंचाच्या दुकानाचा माल सापडला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि रंगाचे डबे. त्यांनी विचारूनच ठेवला होता, फक्त ते चार वर्षांपूर्वी. माल त्यांच्या घरी पोचवला, आम्ही सगळ्यांनी मिळून, आणि रविवारी मुलं त्या खोलीत बसली.

माझी मुदत संपली तेव्हा नवी सचिव झाली ती मंडळीतलीच सव्वीस वर्षांची मुलगी. तिला वह्या दिल्या, रजिस्टर दिलं, आणि चाव्यांचा तो जुडगा. आता प्रत्येक चावीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: "माळा. पन्हळ ३१ मेच्या आत साफ करणे. शिडी सुतारकाकांकडे."